मागून येणारी

"थांबवा त्यांना," अक्का म्हणाल्या. "ती अजून आलेली नाही."

मी बटणांवरची बोटं उचलली. कापड बेतायच्या टेबलावर खडूनं एक वाकडीतिकडी रेघ ओढलेली होती आणि तिच्यावर बारा पांढरी बटणं एकामागोमाग उभी होती. तेरावं बटण कोटाचं, काळं आणि जाड. ते वीतभर मागं होतं. अक्कांनी ते एका बोटानं सावकाश पुढं सरकवलं. आकडे त्या मोजत नव्हत्या, नुसता श्वास सोडत होत्या. बटण रांगेला येऊन टेकलं तेव्हा म्हणाल्या, "हां. आता चला म्हणावं."

"असं तीनदा थांबायचं?"

"तीनदा. रस्ता मोठा आहे की."

ही सोलापूरची गोष्ट, त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. अक्कांचं, म्हणजे नागमणी गाजूल यांचं, शिवणकामाचं दुकान अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. आमच्या शाळेचे गणवेश त्याच शिवायच्या. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला होता. मशीन हातानं फिरवायच्या आणि उठायचं झालं तर टेबलाला धरून उठायच्या. तरीही आजूबाजूच्या चार शाळांची गॅदरिंगं आणि दोन मंडळांचे गणपती, एवढ्यांचे नाच त्याच बसवत. माप द्यायला आलेल्या पोरीला म्हणायच्या, "चार पावलं चालून दाखव गं." तेवढ्यावरून कुणाला कुठं उभं करायचं ते त्यांचं ठरायचं.

"तुम्हाला हे कसं जमतं?" मी एकदा विचारलं होतं.

"मला नाचायचं नसतंय ना, बाई. म्हणून सगळ्यांचे पाय दिसतात." तोंडात टाचण्या धरून बोलल्या होत्या, त्यात ना दुःख होतं ना मोठेपणा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. शैला बिराजदार, शारीरिक शिक्षण आणि कला, तासिका तत्त्वावर. तिसरं वर्ष चाललं होतं. घरी वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, धाकटी दोघं शिकत होती. सकाळी वडिलांचं सगळं आवरून शाळेत पोचायचे तेव्हाच माझा दिवस निम्मा संपलेला असायचा. डिसेंबरात पुण्याला राज्यस्तरीय शालेय समूहनृत्य स्पर्धा होती. आमच्या मुख्याध्यापिका हिप्परगी मॅडम मला खोलीत बोलावून म्हणाल्या होत्या, "बक्षीस आणलंत तर तुमच्या कायमच्या ऑर्डरसाठी संस्थेपुढं मला तोंड उघडता येईल. एरवी काय सांगू मी त्यांना?"

म्हणून मी अक्कांकडे गेले. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "विडी कारखान्यातून बायका घरी जातात, तो नाच बसवू."

"फक्त घरी जातात?"

"दिवसभर मान मोडून विड्या वळल्यात. संध्याकाळी घरी जातात. आणखी काय करणार?"

तेरा मुली. डोक्यावर पानांच्या पिशव्या. सुरुवातीला बसून विड्या वळायच्या, मग उठायचं, आणि मग तो रस्ता. गाणं नाही. टेपवर हलगीचा सावकाश ठेका आणि अधूनमधून मुलींचं स्वतःचं गुणगुणणं. मला धाकधूक होती, पण मुली पहिल्यांदा ओळीनं चालल्या तेव्हा शाळेतल्या सेविका झाडणं थांबवून दारात उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला.

सगळ्यांत मागची मुलगी होती गोदावरी सरवदे. आठवीतली, अंगानं थोराड, चाल जड. ठेक्याच्या मागंच राहायची. बाकी कुठल्याही नाचात मी तिला घेतलं नसतं. अक्कांनीच तिला निवडलं होतं.

"ही मागं पडते, अक्का."

"म्हणूनच पाहिजे."

याच सुमारास कलाशिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथं एका सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'कोरिओग्राफी' लिहून त्याची फोड करून सांगितली. ग्रीक शब्द. कोरिया म्हणजे नाच, ग्राफी म्हणजे लिहिणं. कोण कधी कुठं असेल आणि तिथून कुठं जाईल, हे ठरवून मांडतो तो कोरिओग्राफर. मग तो स्वतः नाचो न नाचो. मी वही मिटली आणि परत आल्या आल्या तशीच दुकानात गेले.

"अक्का, तुम्ही करता ना, त्याला कोरिओग्राफी म्हणतात."

"काय म्हणतात?"

मी पुन्हा सांगितलं. अर्थही सांगितला. अक्का एका फ्रॉकची काजं करत होत्या. हसल्या. "नाच कुठं लिहायचा असतोय? बसवायचा असतोय. आणि लिहिलं म्हणावं तर ही माझी पाटी." त्यांनी टेबलावरच्या खडूच्या रेघेकडे मान वळवली. "संध्याकाळी फडकं मारलं की गेलं."

"मी स्पर्धेच्या फॉर्मवर तुमचं नाव घालणार आहे. कोरिओग्राफी, नागमणी गाजूल."

"घाला नाहीतर नका घालू. गोदीला तेवढं सांगा, घाई करायची नाही. पोरी थांबल्यात म्हणून पळत सुटंल ती."

स्पर्धेला दहा दिवस राहिले तेव्हा हिप्परगी मॅडम तालीम बघायला आल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी हातात धरलं. नाच संपला. त्या म्हणाल्या, "साडेनऊ मिनिटं. नियम आठचा आहे, माहीत आहे ना?"

"हो मॅडम. सुरुवात थोडी कमी करते."

"सुरुवात छान आहे, तिला हात लावू नका. मध्ये तीन वेळा या पोरी नुसत्या उभ्या राहतात, ते काय आहे?"

"थांबतात, मॅडम. मागच्या मुलीसाठी."

"कशासाठी पण?"

मी अक्कांना ते विचारलंच नव्हतं. त्यांनी बसवला होता म्हणून तसा होता, एवढंच मला ठाऊक.

"हे बघा, शैलाबाई," मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "परीक्षकांना वाटेल पोरी विसरल्या. आणि ती शेवटची... मी वाईट अर्थानं म्हणत नाही, पण ती सगळ्यांना मागं खेचते. तुम्हीच ठरवा. ऑर्डर तुमची अडकली आहे, माझी नाही."

मी ठरवलं. गोदीला बोलावून सांगितलं, "तू राखीव. कुणी आजारी पडलं तर तू." तिनं मान डोलावली. "पिशवी जमा करू का बाई?" एवढंच विचारलं. तीन थांबे काढले तसा नाच एकदम सुटसुटीत झाला. हलगीचा ठेका वाढवला. बायका आता घरी रमतगमत नाही, झपाझप निघाल्या होत्या. शेवटी एक गिरकी घातली, कारण शेवट रिकामा वाटायला लागला होता. सात मिनिटं पन्नास सेकंद.

त्या दहा दिवसांत मी दुकानाकडे फिरकले नाही. वडिलांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ते खरंच होतं. पण तेवढंच कारण नव्हतं.

फॉर्म भरायच्या दिवशी मॅडमसमोर बसले होते. 'कोरिओग्राफी' या शब्दापुढं टिंबटिंबांची ओळ होती. मी 'ना' लिहिलं आणि पेन थांबलं.

"कुणाचं घालताय?" मॅडमनी विचारलं. "शिंपीणबाईंचं? आपल्याकडे कलाशिक्षिका आहे की नाही, असं विचारलं संस्थेनं तर?"

मी 'ना' खोडलं. वर नीट अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मॅडमनी जबरदस्ती केली असं मी आजही म्हणू शकत नाही. त्या तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

पुण्याच्या त्या नाट्यगृहात आमचा नंबर सातवा होता. गोदीला मी समोर प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसवलं होतं, मांडीवर सगळ्यांच्या चपलांची पिशवी. नाच चोख झाला. गिरकीला टाळ्या पडल्या. निकालाच्या वेळी एक परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, "सोलापूरच्या मुलींनी कष्टकरी स्त्रियांचा विषय किती उत्साहानं मांडला! या नृत्याच्या कोरिओग्राफर इथं आहेत का? त्यांनी वर यावं."

मी उठले. स्टेजच्या पायऱ्या चार होत्या. वर गेले, दुसऱ्या क्रमांकाची ढाल घेतली, फोटोला उभी राहिले. "कोरिओग्राफी शैला बिराजदार," असं पुन्हा एकदा माइकवरून आलं. माझं नाव इतक्या मोठ्या आवाजात मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत दुपारच्या उन्हात मुली एकमेकींवर माना टाकून झोपल्या. गोदी माझ्या शेजारी होती, जागी.

"बाई," ती म्हणाली, "मी पहिल्यांदाच समोरून बघितला आपला नाच. लय भारी दिसतो."

"हो ना?"

"हो." थोडा वेळ ती खिडकीबाहेरची उसाची शेतं बघत राहिली. मग म्हणाली, "मी माझी जागा शोधत होते. पण ती कुठं दिसलीच नाही. मिटूनच गेली ती."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. एखादी वस्तू ठेवलेल्या ठिकाणी सापडली नाही की सांगतात तसं तिनं सांगितलं. मी म्हणाले, "झोप जरा." ती लगेच झोपली. मला झोप लागली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेले. आधीच ठरवलं होतं की नावाचं सांगून टाकायचं. ढाल शाळेत होती, प्रमाणपत्र पिशवीत होतं. अक्का एका गठ्ठ्याला गाठ मारत होत्या.

"आलात? दुसरा नंबर म्हणे. पोरी सांगून गेल्या."

"अक्का, मला तुम्हाला एक सांगायचं आहे." मी प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. "यावर नाव माझं आहे. कोरिओग्राफीच्या पुढं. तुमचं घालते म्हणाले होते. नाही घातलं."

अक्कांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरून वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बरं."

"मी स्पर्धेवाल्यांना लिहून देते. दुरुस्त करून आणते."

"कशाला? मी कुठं जाणार आहे ते घेऊन." त्यांनी सुई केसांत खोचली. "ते जाऊ द्या. गोदी कशी चालली? घाई नाही ना केली तिनं?"

मी काय काय तयारी करून आले होते. त्या रागावतील, रडतील, बोलणं टाकतील. सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडे, वडिलांचं आजारपण होतं, नोकरी होती. हा प्रश्न मात्र माझ्या तयारीत नव्हता.

"गोदी नव्हती," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"वेळ बसत नव्हता. तिला राखीव ठेवलं. थांबे काढले."

"तिन्ही?"

"तिन्ही."

अक्का मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या होत्या, चाक मात्र फिरवत नव्हत्या. गल्लीत कुणीतरी चादरींची हातगाडी ढकलत नेत होतं.

"आमची आई विडी कारखान्यात होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ठेवायला घरात कुणी नाही. म्हणून न्यायची. मी सहा-सात वर्षांची, हा पाय असा. सकाळी कडेवर न्यायची ती, पण संध्याकाळी दमलेली असायची ओ. कडेवर घ्यायचं बळ कुठलं? मी चालायची. त्या बारा-तेरा बायका पुढं, आणि मी मागं. सगळ्यांना घरी चूल पेटवायची असायची, पोरं उपाशी. तरी त्या थांबायच्या. कोपऱ्यावर एकदा, विहिरीपाशी एकदा, आणि मारुतीच्या देवळापाशी. कुणी हाक मारायचं नाही, चल गं, लवकर ये, असं काही नाही. नुसत्या उभ्या राहायच्या. मी पोचले की निघायच्या."

मी खाली बघत होते.

"ते बसवलं होतं मी. दुसरं काही नव्हतं त्यात."

"अक्का, मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुमचा एकटीचा दोष आहे असं मी म्हणत नाही." त्यांनी प्रमाणपत्र माझ्याकडे सरकवलं. आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "पण मग नाव दुरुस्त करायला जाऊ नका, बाई. त्यावर बरोबरच लिहिलंय. पुण्यात झाला तो नाच तुमचाच. तो मी बसवलेला नाही."

मला त्यांनी 'जा' म्हटलं नाही. पण मशीन सुरू झालं आणि त्या आवाजात बोलता येईना, म्हणून मी उठले.

जानेवारीत माझी ऑर्डर निघाली. कायम. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी चालत्या हातानं माझा हात दाबला. मला आनंद झाला, ते लपवून काय करू? त्या पगारावर पुढं दोन्ही भावंडं शिकली.

त्याच महिन्याच्या शेवटी शाळेचं गॅदरिंग होतं. मी हिप्परगी मॅडमना म्हणाले, "विडीचा नाच पहिल्यासारखा करणार आहे. तेराजणींचा."

"साडेनऊ मिनिटं? पालक कंटाळतील हो."

"कंटाळू देत."

आता मी कायम होते, म्हणून एवढं बोलता आलं. पुण्याच्या आधी हेच बोलले असते तर त्याला काही किंमत होती. हे मला बोलतानाच कळत होतं.

गोदीला सांगितलं तर म्हणाली, "नको बाई. माझ्यामुळं परत वेळ जास्त होईल."

"होऊ दे."

"मी भराभर चालायला शिकलेय आता. घरी रोज करते."

तिला पुन्हा सावकाश चालायला शिकवण्यात आठ दिवस गेले. आधी जे तिचं आपोआप होतं, ते आता सांगून करून घ्यावं लागत होतं. काही केल्या ते अगदी पहिल्यासारखं झालं नाही.

कार्यक्रमपत्रिकेवर मी छापून घेतलं: 'नृत्य बसवले: नागमणी गाजूल'. एक पत्रिका दुकानात नेऊन दिली. अक्कांनी ती वाचली, मापाच्या वहीत ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या शाळेचे जिने मला चढवत नाहीत." खाली पटांगणातच आहे कार्यक्रम, असं मी सांगितलं नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्या आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी आमच्या शाळेचे गणवेश आणखी अकरा वर्षं शिवले, पण नाच एकही बसवला नाही. विचारलं की म्हणायच्या, "यंदा वेळ नाही, बाई." पुढं मी विचारणं सोडलं. मीच बसवू लागले, बक्षिसंही मिळाली. बरेचसे नाच झपाझप चालणारेच होते.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी दुकानात गेले होते. रात्रीचं आवरून, सकाळी पटांगणातल्या खुर्च्या मोजून परत पाठवून, उभ्याउभ्या झोप येईल इतकी दमले होते. अक्का काज करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"लोक बसले का शेवटपर्यंत?"

"नाही. पहिल्या थांब्याला कुणी तरी शिट्टी मारली. दुसऱ्याला मागच्या रांगा उठायला लागल्या. शेवटी निम्मे होते."

"आणि पोरी?"

"पोरींना शिट्टी ऐकू गेली. पुढच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, जाऊ का म्हणून. मी काहीच खूण केली नाही."

"मग?"

"मग त्या थांबल्या. गोदी येईपर्यंत."

"तिसऱ्या वेळेला पण?"

"तिसऱ्या वेळेला पण."

अक्कांनी दोरा दातानं तोडला. हातातला फ्रॉक उलटा करून काज तपासलं, आणि तो घडी घालायला माझ्याकडे दिला.

"मग झाला की," त्या म्हणाल्या.